आधी हात दाखवून ये

प्रिय बाळ,

काल जनावरांच्या डॉक्टरांकडे बाकावर तू माझ्या शेजारी पाऊण तास बसली होतीस. मांडीवर टॉवेल, टॉवेलात तुझं ते तांबूस कुत्रं, त्या लोकांच्या मोकळ्या सुटलेल्या रॉटवायलर कुत्र्याने धरलेलं, आणि तोंडात एकच वाक्य, ‘काकू, त्यांनी सॉरी म्हटलंय, आता आणखी काय करायचं?’ रात्री तोच प्रश्न मेसेजवरही आला. दोन ओळींत उत्तर देण्यासारखा तो नाही म्हणून सविस्तर लिहिते. धीर देत बसत नाही. कोपऱ्यावरून उचलून आणलेल्या पिल्लाला तू कसं वाढवलंयस ते मी बघितलंय.

पण आधी तुझा हात. उजव्या मनगटाला ओढणी गुंडाळून बसली होतीस. विचारलं तर म्हणालीस, ‘काही नाही, नख लागलं.’ खुळी आहेस काय? दोन कुत्री एकमेकांना भिडलेली असताना तू मधे हात घातलास. त्यात नख लागलं का दात, आणि कुणाचा, ते तुलाच सांगता येत नाही. हे पत्र वाचायचं थांब, नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं ती जखम धू. घड्याळ लावून पंधरा. मग आजच्या आज सरकारी दवाखान्यात जा. आमच्या लहानपणी रेबीजसाठी पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत, म्हणून माणसं लपवत होती. आता दंडात घेतात. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत सीरमही लागतं, ते तिथले डॉक्टर ठरवतील. चावणाऱ्या कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचं असतं हे खरं, पण तेवढे दिवस लस अडवून ठेवायची नसते. पहिलं इंजेक्शन घ्यायचं आणि मग दिवस मोजायचे.

आता तुझ्या त्या कुत्र्याबद्दल. डॉक्टरांनी मानेवरचे केस काढले तेव्हा तू तोंड फिरवलंस. मी बघत होते. वरून दोन भोकं, हरभऱ्याएवढी. त्यातून चिमटा आत घातला तर बोटभर सहज गेला आणि कातड्याखाली आडवा फिरला. कुत्र्याचं कातडं सैल असतं. मोठ्या कुत्र्याने धरून हिसडलं की कातडं दाताबरोबर ओढलं जातं, आतलं मांस मात्र फाटतं. मी बेळगावच्या शहापुरात मागावर जन्म काढला. वरून कापड साफ दिसतं आणि उलटं केलं की आतले धागे तुटलेले, तसलं हे दुखणं. म्हणून ‘दोनच दात लागलेत’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. जखम शिवली का नाही, नळी का ठेवली, यावरून डॉक्टरांशी वाद घालू नकोस. चावल्याची जखम पुष्कळदा मुद्दाम उघडी ठेवतात, घाण वाहून जावी म्हणून.

पुढचे तीन दिवस झोपमोड होईल. हिरड्या पांढऱ्या पडल्या, श्वास उथळ आणि भरभर चालला, पोट फुगलं, लघवी झाली नाही, तर रात्री दोन वाजताही डॉक्टरांना उठव. हळद, चुना, खोबरेल यांतलं काही लावू नकोस. घरातली तापाची गोळी देऊ नकोस, माणसाच्या गोळ्या त्यांना मारतात. माश्या बसू देऊ नकोस, या पावसात अळ्या पडायला वेळ लागत नाही. त्याला रेबीजची लस वर्षभरात झालेली असली तरी परत द्यायची का ते विचार.

हळदीचं एवढं ठासून सांगते, कारण मी लावली होती.

आमच्याकडे चिंगी नावाची कुत्री होती. पांढरी, मांजराएवढी, मागाच्या खड्ड्यापाशी झोपायची. शेजाऱ्यांनी मुधोळकडच्या पाहुण्यांकडून तिकडचं कुत्रं आणलं होतं. उंच, सडपातळ, सशामागे सोडतात ती जात. १९९६ च्या श्रावणात एका सकाळी त्याने आमच्या परड्यात येऊन चिंगीला पाठीला धरलं आणि दोनदा झटकलं. झालं तेवढंच. शेजारीणबाई धावत आल्या, डोळ्यांत पाणी. माझी मैत्रीण होती ती, आमच्या दोघींची हळदीकुंकवं एकाच दिवशी व्हायची. मी म्हटलं, ‘जाऊ दे गं, जनावर आहे.’ हळद भरली, जुन्या लुगड्याचं फडकं बांधलं आणि मागावर जाऊन बसले. डॉक्टरांकडे नेलं नाही. नेलं असतं तर चार माणसांत गोष्ट झाली असती आणि तिला वाईट वाटलं असतं. चौथ्या दिवशी पहाटे चिंगी गेली. फडकं सोडलं तेव्हा पाठीचं कातडं काळं पडून सुटलेलं होतं. तो वास मी अजून विसरलेले नाही.

आणि एवढ्यावर भागलं नाही. दिवाळीच्या आत त्याच कुत्र्याने दूध घालायला येणाऱ्या पोराची पोटरी फोडली. पोरगं वाचलं, पण महिनाभर लंगडत होतं. त्याची आई मला म्हणाली, ‘आक्का, तुमच्यात एकदा झालं होतं म्हणे, मग कुणी काही बोललं नव्हतं?’ मला उत्तर देता आलं नाही.

म्हणून सांगते, जाऊ दे म्हणू नकोस. ज्याला चावलंय त्याने जाऊ दे म्हटलेलं नाही. आपल्या गावात हे दोन भाषांत ऐकायला मिळतं, इकडून ‘जाऊ दे’ आणि तिकडून कानडीत ‘होग्ली बिड्री’. म्हणणारी माणसं चांगलीच असतात. तरी म्हणू नकोस.

मग करायचं काय? भांडायचं नाही, मागायचं. आज त्यांच्या घरी जा, एकटी नको, कुणाला तरी बरोबर ने. त्यांच्या कुत्र्याच्या लसीचा कागद माग आणि त्यावरची तारीख तुझ्या डोळ्यांनी बघ. ‘दिलीय हो लस’ यावर उठून येऊ नकोस. दहा दिवस कुत्रं नजरेसमोर बांधून ठेवायला सांग. फिरायला नेताना साखळी आणि मुसकं, आणि फाटकाची ती मोडकी कडी या आठवड्यात बदलायची. औषधपाण्याची बिलं द्यायची. त्यांनी तुझ्या हातात पाचशेच्या दोन नोटा कोंबल्या म्हणालीस. परत फेकू नकोस आणि गप्पही बसू नकोस. ‘उपचाराच्या खर्चापोटी मिळाले’ एवढं त्यांना मेसेजवर लिहून पाठव, म्हणजे हजारात मिटलं असं उद्या कुणी म्हणणार नाही. जखमेचे फोटो, बिलं, डॉक्टरांचा कागद, व्हॅक्सिन डेपोपाशी कितीला झालं, कुणी बघितलं, सगळं आजच लिही. आठ दिवसांनी तुझं तुलाच आठवणार नाही.

ऐकलं नाहीत तर पोलिसांत अर्ज दे आणि पोच घे. १ जुलै २०२४ पासून जी भारतीय न्याय संहिता लागू आहे तिचं २९१ कलम आपल्या ताब्यातलं जनावर आवरण्यात हयगय करणाऱ्याला लागतं. सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण नीट वाच, ते माणसाच्या जिवाला धोका आणि माणसाला गंभीर दुखापत यांबद्दल बोलतं. म्हणजे अर्जात तुझा हात यायला पाहिजे. आणि तू तोच ओढणीखाली लपवून बसलीस! सरकारी दवाखान्याचा केसपेपर जोडलास तर त्या अर्जाला वजन येईल.

तुझा मित्र म्हणतो, रॉटवायलरवर बंदी आहे, त्यावरून धरू त्यांना. केंद्राचं ते पत्र मार्च २०२४ चं. एप्रिलमध्ये आपल्याच कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. त्याच्या जोरावर भांडायला गेलीस तर तोंडघशी पडशील. जातीचं नाव काढूच नकोस, उघड्या फाटकाचं काढ. आणि बिस्किटातून काही घालायची भाषा जो कुणी करत होता, त्याला माझ्याकडे पाठव. जनावराला विष घालणं हा त्याच संहितेत पाच वर्षांपर्यंतचा गुन्हा आहे. तो बाजूला ठेवला तरी, त्या कुत्र्याने काय केलंय? त्याला मोकळं सोडणारा माणूस वेगळा आहे.

आणखी एक, ‘ते कानडी आहेत म्हणून असं वागतात’ हे वाक्य तुझ्या मेसेजमध्ये होतं. ते खोडून टाक. या मातीत १९५६ पासून सीमाप्रश्नावरून काय काय झालंय ते मला नव्याने सांगायला नको, एक नोव्हेंबरच्या फेरीत मी चाललेली बाई आहे. पण चिंगीला मारणारं कुत्रं मराठी घरातलं होतं. आणि २०१३ मध्ये दुसऱ्या एका शेजाऱ्याविरुद्ध अर्ज द्यायची वेळ आली, तेव्हा मला कानडीत लिहिता येईना. गल्लीतल्या एका कानडी मास्तरांनी रात्री दहाला आमच्या कट्ट्यावर बसून तो लिहून दिला. तू शाळेत कानडी शिकलीस, स्वतः लिही. भाषेचं भांडण केलंस की कुत्र्याचा विषय गेलाच म्हणून समज.

त्या २०१३ च्या अर्जाचं आमच्या घरात अजून निघतं. त्या शेजाऱ्यांच्या कुत्र्याने आमच्या मोत्याचा कान फाडला होता, जिवावर बेतलं नव्हतं. मी तीन खेपा घातल्या, ते हसले, मी अर्ज दिला. फाटक झालं. पण त्या घरचं हळदीकुंकू मला परत आलं नाही, आणि मुलीच्या लग्नाची पत्रिका सगळ्या गल्लीत फिरली, आमच्या दारात थांबली नाही. यजमान आजही म्हणतात, ‘एका कानासाठी एवढं ताणायचं होतं?’ हो, होतं. चिंगीच्या वेळी ताणलं नव्हतं म्हणून ताणलं. त्या फाटकासमोर आता पोरं क्रिकेट खेळतात. त्यांच्या आयांना हे माहीतही नाही आणि मी सांगायलाही जात नाही. पत्रिकेचं वाईट वाटलं, अजून वाटतं. तरी परत तेच करीन. तुलाही तेच सांगतेय हे मला कळतंय. तुझी खोली भाड्याची आहे, मालक त्यांच्या ओळखीचे आहेत, तुला माझ्यापेक्षा जास्त सोसावं लागेल, हेही कळतंय. तरी जाऊ दे म्हणू नकोस.

पुन्हा कधी कुत्री भिडली तर हात मधे नको. बादलीभर पाणी ओत, नाहीतर चादर टाक. दोघं असाल तर मागचे पाय धरून उचला, आणि दात रुतलेले असताना हिसका देऊ नका, जखम वाढते.

त्यांच्या घरी जाताना मी येते बरोबर. संध्याकाळी पाचनंतर माझा माग बंद असतो. पण त्याआधी दवाखान्यात पहिलं इंजेक्शन घेऊन ये आणि केसपेपरचा फोटो पाठव. तो आल्याशिवाय मी घरातून निघणार नाही.

तुझी,
काकू