औषधाला दाद कोण देत नाही?

प्रश्न असा आला आहे: "'जिवाणूंनी तयार केलेले नॅनोकण औषधप्रतिरोधक संसर्गावर गुणकारी' असा मथळा वाचला. नॅनोकणांना मराठीत अब्जांश कण म्हणतात का? म्हणत असतील तर ते जोडून लिहायचं की तोडून?"

म्हणतात, आणि बरोबर म्हणतात. ग्रीकमध्ये नानोस म्हणजे बुटका. १९६० साली तो मोजमापाच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत एक अब्जांशाचा उपसर्ग म्हणून कायम झाला. साधारण १ ते १०० नॅनोमीटरच्या कणाला नॅनोकण म्हणायची रीत आहे. त्याला 'सूक्ष्मकण' मात्र म्हणू नका. 'सूक्ष्म' आपण मायक्रोला देऊन बसलो आहोत आणि मायक्रो हजारपट मोठा. आतड्यातला ई. कोलाय हा जिवाणू लांबीला दोन मायक्रोमीटरच्या आसपास भरतो, म्हणजे दहा नॅनोमीटरचे दोनशे कण त्याच्या अंगावर एका ओळीत बसतील.

खरं सांगायचं तर त्या मथळ्यात मला नॅनो खटकलाच नाही. खटकला तो 'औषधप्रतिरोधक संसर्ग'.

संसर्ग म्हणजे लागण. लागण औषधाला कशी अडवणार? अडवतो तो जिवाणू. ही चूक नुसत्या मथळ्यांत असती तर सोडून दिली असती, पण ती लोकांच्या डोक्यातही शिरली आहे. "माझ्या शरीराला अँटिबायोटिकची सवय झालीय, आता लागू पडत नाही," हे वाक्य शिकल्यासवरल्या माणसांकडून मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता कोणी 'सवय' म्हटलं की मी आधीच दचकतो. शरीराचा यात काही संबंध नाही हो! पेनिसिलिनच्या रेणूतलं कडं कापणारं विकर (एंझाइम) जिवाणू बनवतो. आत शिरलेलं औषध पंपाने बाहेर फेकतो तोही जिवाणूच. औषध जिथे जाऊन बसायचं ती जागा बदलून ठेवणाराही तोच. मेथिसिलिन हे पेनिसिलिनच्या कुळातलं औषध बाजारात येऊन दोन वर्षंही झाली नव्हती, तोवर १९६१ साली ब्रिटनमध्ये त्याला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकस या जिवाणूची नोंद झाली. एवढ्या अवधीत कोणाच्या शरीराला कसली सवय लागणार?

त्यात 'प्रतिरोधक' हा शब्द गोंधळात भर घालतो. आपल्या कानांना जलरोधक कापड आणि अग्निरोधक दार यांची ओळख आहे. त्याच चालीवर औषधप्रतिरोधक जिवाणू चालेल, व्याकरणाची तक्रार नाही. पण लिहिणारे तो तोडून 'औषध प्रतिरोधक' करतात. मग प्रतिरोध करणारं औषधच होऊन बसतं आणि वाचणाऱ्याला वाटतं, वा, हे तर चांगलंच झालं.

हा सगळा द्राविडी प्राणायाम कशासाठी? मराठीत यासाठी घरचा वाक्प्रचार आहे: औषधाला दाद न देणे. यात 'कोण देत नाही?' असं विचारल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही, आणि विचारलं की उत्तर एकच येतं: जिवाणू. 'शरीर दाद देत नाही' असं म्हणून बघा. तेही ऐकायला मिळतं, पण त्याचा अर्थ वेगळा, म्हणजे रोग्याला गुण येत नाही. कर्ता बदलला की निदान बदललं. भाषा इतकं नेमकं काम फुकटात करून देत असताना आपण प्रतिरोधक घेऊन बसलो आहोत.

आता या 'दाद'कडे जरा थांबूया. मैफिलीतली दाद सर्वांना ठाऊक आहे, ती सोडा. मूळ अर्थ कचेरीतला. दाद मागणे, दाद लागणे, दाद ना फिर्याद. दाद म्हणजे न्याय, आणि हा शब्द (शेजारच्या फिर्यादीसकट) फारसीतून आला. इथवर वाद नाही. वाद पुढे आहे. आपल्याकडचे काही व्युत्पत्तिकार तेवढ्यावर समाधान न मानता दाद थेट संस्कृत 'दा'ला नेऊन जोडतात: दत्त, दान, दाद. दिलेलं ते दाद. ऐकायला गोड आहे आणि साफ चुकीचं आहे. ही मंडळी ध्वनी सारखा दिसला की नातं लावून मोकळी होतात. गोत्र बघत नाहीत.

इराणी भाषांनी एक गोष्ट केली, आपले हकारयुक्त घोष वर्ण (भ, ध यांसारखे) सपाट केले. भ्रातृचा बिरादर झाला (बिरादरी तिथूनच), बन्धचा बंद झाला. किल्लेदार, जमीनदार यांतला 'दार' हाही आपल्या 'धर'चाच सख्खा भाऊ. म्हणजे फारसीत 'द' दिसला तर मागे 'द' असेल किंवा 'ध' असेल, दोन्ही शक्य. मग ठरवायचं कसं? जुन्या रूपाकडे आणि जुन्या अर्थाकडे जाऊन. इराणातल्या बेहिस्तूनच्या कड्यावर दारियस राजाने आपला शिलालेख कोरवला, अडीच हजार वर्षं झाली त्याला. त्यात 'दात' हा शब्द कायदा या अर्थाने येतो. कायदा हा घालून दिलेला असतो, मांडून ठेवलेला असतो, आणि ते काम 'धा' धातूचं: विधी, विधान, विधाता. ग्रीकांची न्यायदेवता थेमिस याच कुळातली. तेव्हा दाद ही दानाची कोणी लागत नाही, ती विधानाची चुलत बहीण आहे. दत्तवाल्यांनी हे एकदा तपासावं आणि मग पुस्तकांच्या पुढच्या आवृत्त्या काढाव्यात.

आता माझा स्वतःचा कयास. न्यायापासून 'न जुमानणे' इथवरचा प्रवास कचेरीच्या दारातूनच झाला असावा. फिर्यादी दाद मागतो, हाकीम दाद देतो, म्हणजे आधी त्याचं ऐकून घेतो. ऐकून घेणं हाच अर्थ उरला, न्याय गळाला. मग कुलूप किल्लीला दाद देईना, पोर आईला दाद देईना आणि जिवाणू औषधाला. म्हणजे औषध फिर्यादी आणि जिवाणू हाकीम, असा उलटा दरबार! फारसीत अन्यायाला, जुलमाला 'बेदाद' म्हणतात. माझं तर म्हणणं आहे की या जिवाणूंना सरळ 'बेदाद जिवाणू' म्हणावं. तीन अक्षरांत काम होतं. मी हे दोघातिघा डॉक्टरांना सुचवलं, ते हसले. हसोत.

(जाता जाता: गजकर्णाला हिंदीत 'दाद' म्हणतात, तो संस्कृत दद्रूपासून आलेला, निराळा शब्द. ती बुरशी आहे, जिवाणू नव्हे. पण अलीकडे तीही टर्बिनाफिन या बुरशीनाशक औषधाला जुमानत नाही असं वारंवार आढळतं. म्हणजे दाद दाद देत नाही. असं वाक्य बसून जुळवायचं म्हटलं तर जुळलं नसतं.)

बातमीतली खरी गंमत मथळ्याने घालवली आहे. हे कण बनवणारा कारागीर स्वतःच बेदाद असू शकतो. १९९९ साली प्रसिद्ध झालेलं काम पहा: चांदीच्या खाणीतून मिळालेला स्यूडोमोनास स्टुत्झेरी या जिवाणूचा एक वाण चांदीच्या क्षारांच्या तीव्र द्रावणात वाढवला. इतर जिवाणू ज्यात मरावेत त्यात हा तगला, आणि त्याने आपल्या पेशीच्या दोन पटलांमधल्या फटीत चांदीचे स्फटिक साठवले, काही तर २०० नॅनोमीटरपर्यंतचे (काटेकोर व्याख्येबाहेरचे, पण ते असो). म्हणजे चांदीला दाद न देण्याच्या खटाटोपातून निघालेला माल आपण दुसऱ्या जिवाणूंवर सोडायचा.

आता तर पुष्कळदा जिवाणू गाळून टाकतात आणि उरलेल्या निवळीत सिल्व्हर नायट्रेट हा चांदीचा क्षार घालतात. फिकट द्रव आधी पिवळसर आणि काही तासांत चहासारखा तपकिरी होतो. रंग आला की समजायचं, कण बनले. जिवाणूची विकरं चांदीच्या आयनांचा धातू करतात आणि त्याचीच प्रथिनं कणांना लपेटून एकमेकांना चिकटू देत नाहीत. अशी चांदी जिवाणूचं पटल फोडते, गंधकयुक्त प्रथिनांना धरते, डीएनएतही ढवळाढवळ करते. एकदम इतक्या बाजूंनी हल्ला झाला की एखादी जागा बदलून जिवाणूचं भागत नाही, म्हणून आशा.

मथळ्यातला 'गुणकारी' मात्र घाईचा आहे, कारण बहुतेक काम अजून काचेच्या ताटलीत आणि उंदरांवर आहे. शिवाय चांदीलाही दाद न देणारे आहेतच. भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात सिल्व्हर नायट्रेटला न जुमानणारा साल्मोनेला जिवाणू सापडल्याची नोंद १९७५ची आहे. २०१८ साली तर असं दिसलं की ई. कोलाय आपल्या शेपटीचं प्रथिन जास्त सोडतो, त्याने कण एकमेकांना चिकटून गोळा होतात आणि निकामी ठरतात. याला प्रतिरोध म्हणा हवं तर. मी बेदादच म्हणणार.

प्रश्न अब्जांशाचा होता, नाही का? अब्ज म्हणजे पाण्यात जन्मलेला, म्हणून कमळ, आणि भास्कराचार्यांच्या लीलावतीतल्या क्रमाने एकावर नऊ शून्यं. त्या तपकिरी निवळीत जन्मलेल्या कणाला याहून चपखल नाव कुठून आणणार? अब्जांशकण. जोडूनच लिहा, तोडलं की काय होतं ते वर पाहिलंच.