गाडीच्या जाहिरातीत गाडी कमी आणि पोझ जास्त का?

प्रश्न असा आहे : मोटारसायकल कंपन्या इंजिन-मायलेज सोडून मॉडेल, कपडे आणि पेंटिंगसारखी चित्रं का दाखवतात, आणि त्यानं गाडी खपते का?

खपते. मी कोल्हापुरात आधी भिंती रंगवल्या, आता फ्लेक्सची डिझाइनं करतो. शाहूपुरीतल्या एखाद्या शोरूममध्ये तासभर उभं राहून बघा. पोरगं गाडीवर बसलं की मीटरकडं बघत नाही, समोरच्या काचेत स्वतःला बघतं. सोबतचा दोस्त "नाद खुळा!" म्हणाला की निम्मा सौदा झाला. मायलेज नंतर वडील विचारतात.

ही युक्ती सायकलींपासूनची आहे. १९०० च्या आगेमागे आल्फोन्स मुखा या चित्रकारानं 'परफेक्टा' सायकलीचं पोस्टर काढलं. त्यात हँडलवर रेललेली बाई आणि तिचे भुरभुरणारे लांब केस. सायकल जेमतेम दिसते! कागदावर वेग काढता येत नाही, पण उडणारे केस काढता येतात. आजही शूटिंगला मॉडेलपुढं पंखा लावतात तो त्यासाठीच.

कपड्यांचं बघा. लेदर जाकीट मुळात वारा आणि खरचटण्यापासून वाचायला होतं. १९५३ च्या 'द वाइल्ड वन'मध्ये मार्लन ब्रँडोनं ते घातलं आणि जाकीटवाला म्हणजे टोळीतला, असं अमेरिकेत ठसलं. होंडाला तिथं छोटी गाडी विकायची होती. १९६३ च्या सुमाराला त्यांनी रंगीत चित्रांची मोहीम काढली, 'यू मीट द नायसेस्ट पीपल ऑन अ होंडा'. गाडीवर साधी, हसरी, घरंदाज माणसं. गाडी तीच, बसणाऱ्याचे कपडे बदलले.

आपल्याकडं हीरो होंडानं 'फिल इट, शट इट, फर्गेट इट' (टाकी भरा, झाकण लावा, विसरून जा) म्हणून सीडी १०० विकली, कारण तेव्हा पेट्रोलची काळजी मोठी होती. २००१ साली पल्सर आली ती 'डेफिनेटली मेल', म्हणजे पक्की मर्दानी, म्हणत. पेट्रोलचं नाव नाही, नुसता रुबाब. (मला ती ओळ तेव्हा भारी वाटायची. आता मुलगीच रोज माझी गाडी पळवते, त्यामुळं जरा ओशाळल्यासारखं होतं.)

कलेचा उपयोग यापेक्षा सरळ. १९९८ साली न्यूयॉर्कच्या गुगनहाइम म्युझियममध्ये मोटारसायकलींचं मोठं प्रदर्शन भरलं, पैसा बीएमडब्ल्यूचा. शिल्पासारखी मांडलेली गाडी बघून कुणी ॲव्हरेज विचारत नाही.

आता माझा अनुभव. एका शोरूमच्या भिंतीवर गाडी आणि मॉडेल रंगवायचं काम होतं. नमुन्याचा फोटो कंपनीकडून आलेला. सायलेन्सरचा क्रोम काढणं अवघड, कारण क्रोमला स्वतःचा रंग नसतो. वर आकाशी, खाली मातीचा तपकिरी, मधे एक काळपट पट्टा आणि त्यावर पांढरी रेघ. तेव्हा कुठं ते चकाकतं. त्यात दोन दिवस गेले. मालकांनी सायलेन्सरकडं ढुंकूनही पाहिलं नाही. म्हणाले, "पेंटर, पोराचे केस अजून उडवा की."

केस उडवले. पण पायात बुटांऐवजी मी मुद्दाम कोल्हापुरी चप्पल काढली होती, आमच्याकडं सगळे तशीच गाडी चालवतात, गिअर टाकून टाकून डाव्या चपलेचा पुढा झिजलेला असतो. मालक हसले आणि म्हणाले, "चालवताना चप्पलच असते हो. पण घ्यायला आलेल्याला बूट दिसू देत."

काळा रंग घेतला आणि चपलेवर बूट चढवले. पुढं २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं मिलानच्या रॅम्पवर तसलीच चप्पल चालवली, तेव्हा मला ती भिंत आठवली. तोवर तिथं फ्लेक्स लागला होता.