जावाच्या शेतकरी खेड्यात जाऊन राहणं आणि तिथं पैसे गुंतवणं कितपत शक्य आहे?

तुमचा प्रश्न वाचला. पुण्यातली आयटीची नोकरी सोडायची आहे, हाताशी पन्नासेक लाख आहेत, जावातल्या हिरव्यागार शेतांचे व्हिडिओ पाहून तिथं एकरभर जमीन घ्यावी, होमस्टे टाकावा आणि उरलेल्या वेळात बेट फिरावं असं मनात आहे. हे जमेल का, असं विचारलंय.

राहणं जमेल. फिरणं तर मजेत जमेल. गुंतवणूक या शब्दाचा जो अर्थ तुमच्या डोक्यात आहे, ती मात्र बहुधा जमणार नाही.

मी कोण ते सांगतो. मूळचा संगमेश्वर तालुक्यातला. मध्य जावातल्या एका सूतगिरणीत नोकरीला आलो, इथल्याच मुलीशी लग्न केलं आणि गेली सात वर्षं सासुरवाडीला राहतोय. जावातला घरजावई. (हा विनोद माझ्या मित्रांनी करून करून झिजवलाय, तुम्ही नाही केलात तरी चालेल.) योग्याकार्ताच्या पश्चिमेला कुलोन प्रोगो नावाचा जिल्हा आहे, त्यातल्या मेनोरेह डोंगररांगेत आमचं गाव. तांबडी माती, माड, फणस, पावसात घसरणारी वाट, दरड कोसळली की तुटणारा संपर्क. कोकणातल्या माणसाला यात नवल वाटावं असं काही नाही. नवल वाटलं ते माणसांचं.

आधी जमिनीचं बोलू, कारण लोक फसतात ते इथंच. इंडोनेशियात १९६० चा जमीन कायदा आहे. पूर्ण मालकीला तिथं 'हाक मिलिक' म्हणतात. मालकी हक्कच तो, शब्दसुद्धा ओळखीचे वाटतात, पण तो मिळतो फक्त इंडोनेशियन नागरिकाला. परदेशी माणसाला जमीन वापरण्याचा मुदतीचा हक्क किंवा भाडेपट्टा मिळू शकतो, आणि तोही राहत्या घरासाठी ठीक. भातशेतीसाठी त्याचा फारसा उपयोग नाही. शेतजमिनीवर आणखी एक अडसर आहे. १९६१ च्या नियमाप्रमाणे शेताचा मालक साधारणपणे त्याच तालुक्यात किंवा लगतच्या तालुक्यात राहणारा हवा. म्हणजे जाकार्तातल्या साहेबालाही कागदावर इथलं शेत सहज घेता येत नाही. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही ना, त्याच कुळातला हा नियम समजा.

यावर एजंट लोक एक युक्ती सुचवतात. कागद स्थानिक माणसाच्या नावावर, पैसे तुमचे, आणि दोघांत एक खासगी करार. या भानगडीत पडू नका. परदेशी माणसाकडे आडमार्गानं मालकी जाणारा व्यवहार कायद्यानं मुळातच रद्द ठरतो, जमीन सरकारजमा होते आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. तीनही गोष्टी कायद्याच्या एकाच कलमात लिहिल्या आहेत. आमच्या पलीकडच्या गावात एका युरोपियन गृहस्थांनी असंच घर बांधलं होतं. ज्याच्या नावावर कागद होता तो वारला, त्याच्या मुलांनी वाटण्या केल्या. गृहस्थ आता त्यांचेच भाडेकरू आहेत. भांडण वगैरे काही नाही, मुलं त्यांना अजून आदरानं 'पाक' म्हणतात, म्हणजे 'बापू'सारखं.

'गावच्या मालकीची जमीन वीस वर्षांच्या कराराने देतो' असंही कुणी म्हणेल. योग्याकार्ता प्रांतात अशा जमिनीवर सुलतानाची, म्हणजे इथल्या राज्यपालाची, परवानगी लागते. परवानगीशिवाय किंवा भलत्याच कामासाठी वापरलेल्या अशा जमिनींवरची घरांची बांधकामं २०२३ च्या सुमारास प्रांताने सील केली. ज्यांनी आगाऊ पैसे भरले होते ते बसले हात चोळत. याच गावजमिनीतला काही भाग सरपंच, सचिव वगैरे मंडळींना कामाचा मोबदला म्हणून कसायला असतो. त्याला 'बेंगकोक' म्हणतात. हे ऐकल्यावर मला आपल्या पाटील-कुलकर्ण्यांच्या वतनाची आठवण झाली. आपल्याकडे वतनं गेली, इथं अजून चालू आहेत.

कंपनी काढायची म्हणाल, तर परदेशी कंपनीला जमीन-इमारत सोडून दहा अब्ज इंडोनेशियन रुपियांहून जास्त गुंतवणूक दाखवावी लागते. आपल्या हिशेबात पाच कोटींच्या वर. तुमचे पन्नास लाख त्या दारातूनही आत जात नाहीत.

आमचं घर बायकोच्या नावावर आहे. त्यासाठीसुद्धा नोटरीकडे मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार करावा लागला. तसा करार नसेल तर लग्नामुळे बायकोची मालमत्ता सामाईक, म्हणून अर्धी परदेशी होते आणि वर्षभरात सोडावी लागते. पूर्वी हा करार लग्नाआधीच करावा लागे, २०१६ च्या घटनात्मक न्यायालयाच्या निकालापासून नंतरही करता येतो. आम्ही लग्नानंतरच जागे झालो, त्यामुळे त्या न्यायाधीशांचे माझ्यावर उपकार आहेत.

मग मी पैसे कशात घातले? शेळ्यांत. हसू नका. आमच्या डोंगरापलीकडे पुरवोरेजो जिल्ह्यात कालिगेसिंग म्हणून भाग आहे, तिथली 'एतावा' शेळी जावाभर प्रसिद्ध आहे. लांब लोंबते कान, बाकदार नाक. एतावा म्हणजे आपलं उत्तर प्रदेशातलं इटावा. डच अमलात तिकडून जमनापारी बोकड आणले, इथल्या शेळ्यांशी संकर केला. ही गोष्ट सासऱ्यांना सांगितली तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे गावात तुझ्याआधी तुझे नातेवाईक आले होते."

शेळ्या द्यायची पद्धत 'गादुह'. आपल्या अर्धेलीसारखीच. जनावर माझं, चारापाणी आणि राखण शेजाऱ्याची, करडं निम्मी निम्मी. मी चार माद्या दिल्या आणि लॅपटॉपवर तक्ता केला. किती महिन्यांनी किती करडं, बकरी ईदच्या आधी भाव चढला की किती विकायची, सगळं. पहिल्याच वर्षी शेजाऱ्यानं एक मादी मला न विचारता विकली. मी चिडून विचारायला गेलो. तो प्रत्येक वाक्याला "इंग्गिह, इंग्गिह" म्हणत राहिला. जावानीत हा आदरार्थी 'हो', पण त्याचा अर्थ बहुतेक वेळा 'ऐकतोय' एवढाच असतो. घरी आल्यावर बायको म्हणाली, "तो तीन संध्याकाळी आपल्या ओट्यावर येऊन मुलीच्या शाळेच्या खर्चाबद्दल बोलला होता ना? तू मान डोलावलीस." म्हणजे त्यानं परवानगी मागितली होती आणि मी दिली होती. मला पत्ता नव्हता.

माझं उत्तर खरं तर या प्रसंगातच आहे. इथं पैसा ओट्यावरच्या बोलण्यातून फिरतो. ते बोलणं कळण्याइतकी भाषा आणि वेळ तुमच्याकडे नसेल, तर तुमचा तक्ता कितीही चांगला असो, त्यातलं एक पान कायम कोरं राहणार. आणि भाषा म्हणजे नुसती इंडोनेशियन नव्हे, ती सहा महिन्यांत येते. गावात जावानी चालते, तिचेही थर आहेत. सासऱ्यांशी बोलताना 'खाणं' यासाठी जो शब्द वापराल तो शेळीच्या बाबतीत वापरायचा नाही, आणि उलट केलंत तर फारच वाईट.

पण हिशेब ठेवत नाहीत असं समजू नका. लग्नकार्यातला आहेर वहीत पैन् पै लिहिला जातो आणि तेवढाच परत जातो. गावात राहायचा खर्च विचारलात तर भाडं, वीज, गॅस यांपेक्षा मला हा आहेर जड जातो. जावानी पंचांगातल्या 'बेसार' महिन्यात लग्नांची झुंबड असते, पुढच्या 'सुरो' महिन्यात एकही नाही, आपल्या चातुर्मासासारखं. बेसारात आठवड्यातून तीन-तीन पाकिटं जातात. कार्याच्या घरी बायका आदले दोन दिवस भाज्या चिरायला जातात, पुरुष मांडव घालतात. पैसे दिले आणि गेला नाहीत तर ते मोजलं जात नाही. बायकांची 'आरिसान' असते, तीच आपली भिशी, चिठ्ठ्या टाकून. रात्री पाळीपाळीनं गस्त असते. गस्तवाले प्रत्येक घराबाहेर टांगलेल्या डबीतून चिमूटभर तांदूळ गोळा करतात, हल्ली काही ठिकाणी नाणं. माझी पाळी शनिवारची. चौघं जण पत्ते खेळतो, पहाटे घरी येतो. गावाची चावडीवरची सगळी बातमी मला तिथंच कळली.

कुणाकडे मुक्काम केलात तर चोवीस तासांत वाडीच्या प्रमुखाकडे नोंद करायची. तशा पाट्याच असतात. त्याला पोलिसी ससेमिरा समजू नका, चहा मिळतो. भयंकर गोड.

गोडाचं कारण सांगतो, कारण आमच्या गावाचा जीव त्यातच आहे. सासरे माडावर चढतात. दिवसातून दोनदा, सकाळी आणि दुपारनंतर. फुलोऱ्याची पोगी छाटायची, खाली भांडं बांधायचं, आंबू नये म्हणून त्यात चुना आणि मँगोस्टीनची साल टाकायची. जो रस उतरतो त्याला इंडोनेशियन शब्द आहे 'नीरा'. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी दोनदा विचारलं. आपल्याकडे भंडारी माडी काढतात, गोव्यात माडाचं गोड, म्हणजे गूळ, करतात, इथं सगळ्याचा गूळ होतो. सात-आठ लिटर रस लाकडाच्या चुलीवर चार-पाच तास आटवला की किलोभर गूळ, तो करवंटीत ओतून गोठवायचा. किंवा ढवळत राहून रवाळ साखर करायची, तिला 'गुला सेमुत' म्हणतात, म्हणजे मुंगीसाखर. ही सेंद्रिय प्रमाणपत्र लावून युरोप-अमेरिकेत जाते. 'यात पैसा आहे' असं तुम्हाला वाटलं असेल, मलाही वाटलं. पण चढणारे म्हातारे होत चाललेत. सासरे बासष्टचे आहेत, पावसात खोड निसरडं होतं, पडून कंबर मोडलेली दोन माणसं आमच्याच वाडीत आहेत. तरुण पोरं शहरात जातात. भांडवलाची नव्हे, चढणाऱ्या पायांची टंचाई आहे. मी एवढंच केलं, धूर कमी होईल अशी चूल बांधून दिली. सासूचा खोकला कमी झाला. तक्त्यात हा रकाना नव्हता.

शाकाहारी असाल तर टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या) आणि टोफूवर आरामात जगाल, पण मिरचीच्या ठेच्यात वाळलेल्या कोळंबीचा लगदा असतो, तो आधी विचारा. आमच्याकडे खाजकुइलीच्या जातीच्या बियांचंही टेंपे करतात, नारळाच्या रसात शिजवून. मला तर आवडतं.

फिरण्याबद्दल मोकळेपणानं सांगतो, या. भारतीय पासपोर्टवर इथं आल्यावर पाच लाख इंडोनेशियन रुपियांत तीस दिवसांचा व्हिसा मिळतो, तो एकदाच आणखी तीस दिवस वाढवता येतो. त्यावर काम करता येत नाही, म्हणून हौसेनं भातलावणीत उतरून व्हिडिओ टाकण्याआधी विचार करा. जाकार्ताहून योग्याकार्ता जलद गाडीनं सात तासांच्या आत. विमानतळ तर आमच्याच जिल्ह्यात आहे. पाऊस साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो, आपल्याकडे दिवाळीची खरेदी चालू असते तेव्हा इथं पेरणीची घाई. जुलै-ऑगस्टात या. लवंग काढणीला आलेली असते, लोक ती रस्त्याच्या कडेला वाळत घालतात, घाटभर वास असतो. तेव्हाच दिएंगच्या पठारावर बटाट्याच्या शेतात पहाटे दव गोठतं आणि अर्जुन, भीम, घटोत्कच अशा नावांची छोटी देवळं धुक्यात उभी असतात. आणि बोरोबुदुरचा बौद्ध स्तूप पाहून झाला की मेनोरेहमध्ये गुवा किस्केंदो नावाची गुहा पाहा. किष्किंधाच ती. वाली असुरांशी या गुहेत लढला आणि बाहेर थांबलेल्या सुग्रीवानं गुहेचं तोंड बंद केलं असं इथले लोक सांगतात, कपाळाला टिळा नसलेले, पाच वेळा नमाज पढणारे लोक, आणि वालीची बाजू घेऊन सांगतात.

तेव्हा नोकरी सोडू नका. साठ दिवसांची रजा काढा, एका गावात खोली भाड्यानं घ्या, गस्तीला जा. पन्नास लाख बँकेत राहू द्या.

माझ्या चारपैकी दोन शेळ्या अजून आहेत. परवा एक व्यायली, दोन करडं झाली, एक पाट, एक बोकड. एक त्याचं, एक माझं. कुठलं कुणाचं हे ठरवायला शेजारी काल ओट्यावर आला होता. दोन तास पावसाबद्दल बोलून गेला. मी यावेळी मान हलवली नाही.