एप्रिलात ताडोबा, मुलांना झेपेल का?

प्रश्न: एप्रिलमध्ये मुलांना घेऊन ताडोबाला जायचं म्हणतोय, पण घरचे म्हणतात उन्हानं हाल होतील. काय करावं? – एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर: जावा की! वाघ बघायला हाच सीझन चांगला, झाडी विरळ होते आणि नाले आटले की जनावरं उरलेल्या पाणवठ्यांवर येतात. पण चंद्रपूरचं ऊन आपल्यासारखं नाही, मे जवळ आला की पारा ४५च्या घरात जातो, म्हणून मुलांना सकाळचीच सफारी, दुपारची नकोच. महाराष्ट्र एक्स्प्रेसनं नागपूर गाठा, पुढं गाडी करा. मंगळवारी पार्क बंद असतो, बुकिंग लवकर करा, ओळखपत्र ओरिजिनल घ्या. आणि एवढा लांबचा प्रवास नको वाटला तर राधानगरीच्या पुढं दाजीपूरचे गवे आहेतच की, मुलांना तेही खूप आवडतील.