थंड वायूतही कॅसिमिर बल असतं का?

सांगलीत बीएस्सी करणाऱ्या एकाचा प्रश्न आहे: कॅसिमिर बल निर्वातातल्या दोन धातूच्या पट्ट्यांमध्ये असतं, मग अतिशीत अणूंच्या वायूत ते कुठून आलं?

निर्वातच हवा असं काही नाही. सतत थरथरणारं माध्यम आणि त्याला घातलेली हद्द, एवढं पुरे. मिरजेच्या तंबोऱ्याची तार दोन्ही टोकांना बांधलेली, म्हणून ठरावीकच कंपनं करते. भिंतींमध्ये कोंडलेल्या वायूतही मोजक्याच लहरी मावतात, बाहेर सगळ्या. त्या फरकातून भिंती एकमेकींकडे ओढल्या जातात. १९४८ मध्ये डच भौतिकशास्त्रज्ञ कॅसिमिरने प्रकाशलहरी धरल्या होत्या. बोस-आइनस्टाइन कंडेन्सेटमध्ये, म्हणजे ज्यातले अणू एकाच क्वांटम अवस्थेत आलेत अशा अतिशीत वायूत, त्यांची जागा ध्वनिलहरी घेतात.

खरी गोम पुढे आहे. हे बल लहरीच्या वेगावर अवलंबून असतं. कंडेन्सेटमध्ये ध्वनी सेकंदाला काही मिलिमीटर सरकतो, प्रकाश ३ लाख किलोमीटर! धातूच्या पट्ट्यांमधला दाब एक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) अंतरावर आधीच जेमतेम १.३ मिलिपास्कल, आणि इथे तो त्याच्या दहा हजार कोटी पटींनी कमी. थेट मोजायला महाकठीण, हे उघड आहे.

२००५ मध्ये अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ एरिक कॉर्नेलच्या गटाने रुबिडियमच्या कंडेन्सेटवर जे मोजलं, ते अणू आणि जवळचा पृष्ठभाग यांच्यातलं कॅसिमिर-पोल्डर बल. तिथे लहरी प्रकाशाच्याच होत्या. परीक्षेत या दोन्हींची गल्लत करू नकोस.