गवतातले गवत: लॉनमधील चिवट तणांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बंगल्यापुढे सुमारे १५०० चौरस फूट मेक्सिकन लॉन आहे. दोन पावसाळ्यांत त्यात हरळी घुसली. उपटली की पंधरवड्यात परत येते. फक्त हरळी मरेल असे औषध आहे का? (नाशिक)

उत्तर : समूळ मारणारे नाही, दाबून टाकणारे आहे. मेक्सिकन म्हणून विकले जाणारे लॉन बहुतेक झॉयशिया असते. हरळीही गवतच, त्यामुळे तणनाशकाला दोन्हींत भेद करता येतो तो अगदी थोडा. हा भेद फ्लुॲझिफॉप-पी-ब्युटाइलमध्ये सापडतो: कमी मात्रा झॉयशिया सोसते, हरळीला ती सोसत नाही. हे औषध १३.४ टक्के ईसी (पाण्यात दुधाळ मिसळणारे द्रावण) स्वरूपात सोयाबीनसाठी मिळते. लेबलवर लॉनचा उल्लेख नसतो आणि झॉयशियाच्या सगळ्या जाती सारख्या सोशिक नसतात. म्हणून आधी कोपऱ्यातल्या एक चौरस मीटरवर फवारा आणि तीन आठवडे थांबा.

मात्रा १०० चौरस मीटरला ५ मिली, ५ लिटर पाण्यात. तुमच्या पूर्ण लॉनला ७ मिली पुरते. एवढे मोजायला औषधाची सिरिंज घ्या, बाटलीचे झाकण नको. तुमच्या चालीने १०० चौरस मीटरवर किती पाणी पडते ते आधी साध्या पाण्याने फवारून पाहा. पाण्याचे प्रमाण बदलले तरी १०० चौरस मीटरला औषध ५ मिलीच. नोझल सपाट पट्ट्याचे, म्हणजे फ्लॅट फॅन लावा.

हरळी जोमात वाढत असतानाच फवारा. पाण्याचा ताण पडलेली हरळी औषध आत घेत नाही. आधी आणि नंतर दोन-तीन दिवस कापणी नको. परिणाम सावकाश दिसतो: आठ-दहा दिवसांनी शेंड्याचे पान ओढले की अलगद हातात येते, बुडाशी तपकिरी कुजलेले. इथेच बहुतेकांचे चुकते. चार दिवसांत काही दिसले नाही म्हणून दुप्पट मात्रा मारतात, झॉयशिया जळते, जागा मोकळी पडते आणि ती सर्वांत आधी हरळीच भरते. दुसरी चूक, रुंद पानांच्या तणांसाठी २,४-डी त्याच टाकीत मिसळणे. त्याने फ्लुॲझिफॉपची धार बोथट होते. चार आठवड्यांच्या अंतराने हंगामात तीनदा फवारा आणि पुढच्या वर्षीही तयारी ठेवा, कारण जमिनीखालच्या खोडांवरचे डोळे एकदम फुटत नाहीत.

प्रश्न : आमचे मैदान हरळीचे आहे. पायवाटेच्या कडेला चपटे, मधोमध पांढरट, बोटांसारखी कणसे येणारे गवत माजले आहे. वरचेच औषध चालेल का? (रत्नागिरी)

उत्तर : मुळीच नाही, मैदानच जाईल. तुमचे तण गूजग्रास, नाचणीची जवळची नातलग. कोकणात कणीस पाहताच ओळख पटावी. दुकानदार भातातले तणनाशक क्विनक्लोरॅक सुचवेल. हरळी ते सोसते आणि क्रॅबग्रास या दुसऱ्या गवती तणावर ते चालते, पण गूजग्रासवर नाही. (क्रॅबग्राससाठी वापरलेच, तर कापलेले गवत टोमॅटोच्या बुडाशी आच्छादन म्हणून घालू नका, पाने वळून झाड खुंटते.)

गूजग्रास तुडवून घट्ट झालेल्या जमिनीत फोफावते, म्हणून आधी माती मोकळी करा: पोकळ दातांच्या यंत्राने भोके पाडून वाळू भरा. वाढलेले ठोंब पावसानंतर माती ओली असताना, बी धरण्याआधी, खुरप्याने मुळासकट काढा. बी रुजण्यापूर्वी पेंडिमेथालिन या तणनाशकाचा मातीवरचा थर उपयोगी पडतो. फवारल्यावर सेंटिमीटरभर पाणी द्यावे. नव्याने लावलेल्या हरळीवर मात्र नको, कारण तिची नवी मुळेही खुंटतात.

प्रश्न : हिवाळ्यात लॉन झोपलेले असताना ग्लायफोसेट (कोणतीही हिरवी वनस्पती मारणारे तणनाशक) मारा, असे वाचले. करू का? (पुणे)

उत्तर : नको. तो सल्ला थंड हिवाळ्याच्या प्रदेशांतला आहे, जिथे हरळी पूर्ण वाळून तपकिरी होते. पुण्यात ती मंदावते, पण हिरवी राहते; हिरव्या पानावर पडलेले ग्लायफोसेट मुळापर्यंत पोहोचते. शिवाय ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने अधिसूचना काढून ग्लायफोसेटचा वापर परवानाधारक कीडनियंत्रकांपुरता मर्यादित केला होता.