अनुदानाच्या अर्जासाठी दिलेली कागदपत्रे आता कुणाकडे आहेत?

इंग्लंडच्या मिडलंड्स भागात राहणाऱ्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्याचा गोषवारा असा. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये एका कंपनीचे गृहस्थ त्यांच्या दारावर आले. सरकारी अनुदानातून घराला इन्सुलेशन आणि नवे हीटिंग फुकट बसवून देतो, असे सांगून त्यांनी टॅब्लेटवर वाचक भगिनींची सही घेतली. त्यानंतर पती-पत्नी दोघांची पगारपत्रके, तीन महिन्यांचे बँक स्टेटमेंट, कौन्सिल टॅक्सचे बिल आणि सासऱ्यांच्या श्वसनविकाराबद्दल जीपींनी, म्हणजे फॅमिली डॉक्टरांनी, दिलेले पत्र अशी सगळी कागदपत्रे व्हॉट्सॲपवर मागवून घेतली. घराची पाहणी झाली, पुढे मात्र काहीच घडले नाही. चार महिन्यांनी सोलर पॅनेल विकणाऱ्यांचे फोन सुरू झाले आणि अलीकडे एका फोनवर तर हिंदीत बोलणाऱ्या माणसाने, घरात श्वासाचा त्रास असलेले वृद्ध आहेत ना, असे थेट विचारले. सगळी माहिती पुसून टाकायला लावावी, असे यजमानांचे म्हणणे आहे. यजमानांनी सही केली नसताना त्यांची पगारपत्रके घेणे योग्य होते का, ही माहिती आयकर खात्याकडे जाईल का आणि फोन करणारा भारतातला असेल तर तक्रार कुठे करायची, हे त्यांचे पुढचे प्रश्न आहेत.

ताई, तुमच्या यजमानांचा संताप मला पूर्णपणे समजतो. तरीही माहिती पुसून टाका असे पत्र आज कुणालाही पाठवू नका, असाच माझा सल्ला आहे. तो हक्क तुम्हाला आहे आणि तो वापरायचाही आहे, पण शेवटी. कंपनीने आज तुमची फाइल पुसली आणि तसे कळवले, तर सासऱ्यांच्या आजाराची माहिती तिथून कुणाकडे गेली हे दाखवणारा पुरावाही त्याच फाइलबरोबर जाईल आणि ज्यांच्याकडे ती आधीच पोहोचली आहे त्यांच्याकडे ती तशीच राहील. म्हणून आधी माहितीची प्रत मागायची, मग तिचा वापर थांबवायचा आणि त्यानंतर ती पुसायला सांगायची.

प्रत कुणाकुणाकडे मागायची हे कळण्यासाठी ही योजना कशी चालते ते पाहावे लागेल, कारण ‘सरकारी अनुदान’ या शब्दांमुळे सगळे एकाच सरकारी कचेरीत चालते असा समज होतो. तुम्ही दिलेल्या तपशिलावरून ही ‘इको ४’ योजनेची ‘फ्लेक्स’ नावाची वाट दिसते. ही योजना २०२२ च्या आदेशाने सुरू झाली. तिच्यातला पैसा सरकारी तिजोरीतून येत नाही. मोठ्या वीज आणि गॅस पुरवठादारांवर सरकारने घातलेल्या बंधनामुळे ते हा खर्च करतात आणि अखेर तो सर्व ग्राहकांच्या बिलांतून वसूल होतो. ऑफजेम ही नियामक संस्था त्यावर देखरेख ठेवते. ‘फ्लेक्स’मध्ये स्थानिक कौन्सिल एखादे कुटुंब पात्र असल्याचे प्रमाणपत्र देते. त्यासाठीचा एक निकष कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ३१,००० पौंडांपेक्षा कमी असणे हा आहे. दुसरा निकष आरोग्याचा आहे : हृदयविकार, श्वसनविकार, दुर्बल प्रतिकारशक्ती किंवा हालचालींवर आलेली मर्यादा यांपैकी काही असल्यास त्या आधारे शिफारस होऊ शकते. जीपींचे पत्र मागितले गेले ते यासाठी. म्हणजे कागद मागण्याला कारण होते, हे मान्य करायला हवे.

आता तो कागद कोणत्या हातांतून जातो ते पाहू. आधी दारावर येऊन गिऱ्हाईक मिळवणारी कंपनी, मग पाहणी करणारा, मग प्रत्यक्ष काम करणारा कंत्राटदार, मग कौन्सिल, मग ऊर्जा पुरवठादार, मग ऑफजेम आणि काम पूर्ण झाले तर घरकामांचा दर्जा पाहणाऱ्या ट्रस्टमार्क या संस्थेची नोंदवही. यांतल्या प्रत्येकाने माहिती बाळगण्याचा कायदेशीर आधार निराळा असतो आणि तुमच्या प्रकरणाचा सारा भार याच फरकावर आहे. कौन्सिल सामान्यतः सार्वजनिक कर्तव्याचा आधार घेते, पुरवठादार कायद्याने घातलेल्या बंधनाचा. या दोन्हींसाठी तुमच्या संमतीची गरज नसते. दारावर आलेल्या खासगी कंपनीला यांपैकी काहीच उपलब्ध नाही. आरोग्याची माहिती यूके जीडीपीआर, म्हणजे ब्रिटनचे वैयक्तिक माहिती संरक्षणाचे नियम, यांच्या नवव्या कलमाखाली विशेष संरक्षित आहे आणि अशा कंपनीला ती हाताळायची तर व्यवहारात त्या माणसाची स्पष्ट आणि त्या हेतूपुरतीच दिलेली संमती लागते. टॅब्लेटवर आधीच खूण केलेली चौकट किंवा ‘आमच्या विश्वासू भागीदारांना माहिती देऊ शकतो’ अशी मोघम ओळ म्हणजे अशी संमती नव्हे. शिवाय ती संमती तुमच्या सासऱ्यांनी द्यायला हवी होती, आणि सही तुमची आहे.

तुमच्या घराचे काम झालेच नाही, ही गोष्ट इथे तुमच्या बाजूची आहे. कौन्सिलने प्रमाणपत्र दिलेच नसेल, तर पुरवठादार आणि ऑफजेम यांच्यापर्यंत तुमची कागदपत्रे पोहोचण्याचे काही कारण उरत नाही आणि फाइल पहिल्या एक-दोन हातांतच अडकलेली असण्याची शक्यता मोठी आहे. म्हणून पहिले पत्र कंपनीला आणि दुसरे कौन्सिलच्या माहिती संरक्षण अधिकाऱ्याला, दोन्ही एकाच दिवशी पाठवा. यूके जीडीपीआरच्या पंधराव्या कलमाखाली आमच्याबद्दलची सर्व माहिती, ती कुठून मिळाली आणि नेमकी कोणाकोणाला दिली याचा तपशील द्यावा, असे त्यात लिहा. ‘नेमकी कोणाला’ हे शब्द गाळू नका. नुसते ‘भागीदार संस्था’ असे उत्तर सहसा पुरत नाही, नावे मागता येतात, हे तत्त्व इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्वीकारले आहे. कौन्सिलला आणखी एक प्रश्न विचारा : ही कंपनी तुमच्या वतीने काम करत होती की स्वतंत्रपणे? वतीने करत असेल तर तिच्या वागण्याची जबाबदारी कौन्सिललाही झटकता येणार नाही, आणि अशा कंपन्या रातोरात बंद होऊन नव्या नावाने उभ्या राहिल्याचे मी पाहिलेले असल्याने हे उत्तर हाती असणे फार मोलाचे आहे. कंपनी अजून नोंदणीकृत आहे का हे कंपनीज हाउसच्या संकेतस्थळावर विनामूल्य दिसते.

या मागणीला शुल्क नाही आणि ठरावीक नमुनाही नाही. उत्तर एका महिन्यात यावे लागते. प्रकरण गुंतागुंतीचे असेल तर आणखी दोन महिने घेता येतात, मात्र तसे त्यांनी पहिल्या महिन्यातच कळवले पाहिजे. मागणी पोहोचल्यानंतर ती माहिती द्यावी लागू नये म्हणून कुणी पुसली, बदलली किंवा दडवली, तर तो २०१८ च्या डेटा संरक्षण कायद्याच्या कलम १७३ खाली गुन्हा ठरतो. आधी मागा, मग पुसा, असे मी म्हणतो त्यामागे हे कलम आहे. तुम्ही स्वतःच पुसायला सांगितलेत, तर हे संरक्षण तुम्ही आपल्या हाताने सोडता.

कंपनी आणि कौन्सिल, दोन्हीकडे पत्रे मात्र तीन-तीन लागतील, कारण माहिती तिघांची आहे. तुमचे यजमान स्वतःच्या पगारपत्रकांसाठी स्वतः लिहितील. त्यांच्या सहीबद्दल तुम्ही विचारले आहे. कुटुंबाचे एकूण उत्पन्न तपासायचे असल्याने त्यांची मिळकत पाहणे योजनेत बसते, परंतु ज्याची माहिती दुसऱ्याकडून घेतली त्याला ती का घेतली आणि कुणाकडे राहील हे कळवण्याचे बंधन चौदाव्या कलमात आहे. तसे कळवले नसेल तर ती त्रुटी आहे आणि पत्रात तिचा उल्लेख करा. सासऱ्यांची मागणी त्यांच्या नावाने जाऊ द्या. ते मराठीतच सही करतात, ती चालेल का, असे तुम्ही संकोचाने विचारले आहे. नि:शंकपणे चालेल. मजकूर इंग्रजीत ठेवा म्हणजे उत्तराला उशीर होणार नाही, खाली त्यांची देवनागरी सही असू द्या आणि तुम्ही त्यांच्या वतीने पत्रव्यवहार कराल असे एक वाक्य त्यांच्याकडून लिहून घ्या.

आता फोनबद्दल. येथे थोडे सबुरीने घ्या, कारण प्रत्येक फोन म्हणजे माहितीची गळती असे नसते. घराचा ईपीसी, म्हणजे ऊर्जा दाखला, सार्वजनिक नोंदवहीत असतो आणि पोस्टकोड घालून कुणीही तो पाहू शकतो. तुमच्या घराला ‘ई’ श्रेणी आहे हे सोलरवाल्याला तिथून कळू शकते. परंतु त्या दाखल्यात माणसांच्या आजाराचा एक शब्दही नसतो. श्वासाच्या त्रासाची माहिती जीपींच्या पत्रातून किंवा पाहणीच्या वेळी झालेल्या बोलण्यातूनच बाहेर पडली असणार, म्हणून तो एक फोन बाकी सगळ्या फोनांपेक्षा महत्त्वाचा आहे. त्याची तारीख, वेळ, दिसलेला क्रमांक आणि आठवतील ते शब्द आजच लिहून ठेवा. पुढचा फोन आला तर चिडून ठेवून देऊ नका. कंपनीचे नाव आणि पत्ता विचारा. विचारल्यावर तो किंवा संपर्काचा मोफत क्रमांक सांगणे २००३ च्या इलेक्ट्रॉनिक संपर्काच्या नियमांनुसार त्यांना भाग आहे. मग त्या कंपनीलाही तेच पत्र पाठवा आणि त्यात जाहिरातीसाठी माझी माहिती वापरू नये ही ओळ जोडा. जाहिरातीला हरकत घेण्याचा हक्क निरपवाद आहे. त्यांना काही कारण सांगून तो नाकारता येत नाही आणि त्यासाठी प्रतीच्या उत्तराची वाट पाहण्याचीही गरज नाही. टेलिफोन प्रेफरन्स सर्व्हिसमध्ये, म्हणजे जाहिरातीचे फोन नको असलेल्यांच्या अधिकृत यादीत, क्रमांक नोंदवा. ती नोंद पूर्ण लागू व्हायला २८ दिवस लागू शकतात.

फोन करणारा भारतात बसलेला असला, तरी तिकडे तक्रार करण्यात वेळ घालवू नका. भारताचा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा परदेशी कंपनीच्या कंत्राटावर परदेशातील लोकांची माहिती हाताळणाऱ्या भारतीय केंद्रांना बहुतेक बंधनांतून सूट देतो. ज्या ब्रिटिश कंपनीसाठी तो माणूस फोन करत होता, तिलाच येथे जाब विचारता येतो.

आयकर खात्याबद्दल थोडक्यात सांगतो. अर्जातील माहिती आपोआप कर आकारणीसाठी जात नाही. गुन्हा किंवा फसवणूक शोधण्यासाठी सार्वजनिक संस्था एकमेकांकडे माहिती मागू शकतात, तशी मुभा कायद्यात आहे. तुम्ही खरे आकडे दिले आहेत, तेव्हा याची चिंता मनातून काढून टाका. तुम्ही सगळे ब्रिटिश नागरिक असल्याचे लिहिले आहे, म्हणून व्हिसाचा मुद्दाही उद्भवत नाही. ज्या वाचकांच्या व्हिसावर सार्वजनिक निधी न घेण्याची अट आहे, त्यांनी मात्र अशा कोणत्याही अर्जापूर्वी स्वतंत्र सल्ला घ्यावा.

उत्तरे आली की, किंवा महिना उलटूनही आली नाहीत की, पुढचे पाऊल उचला. कंपनीला संमती मागे घेतल्याचे आणि माहिती पुसण्याचे पत्र द्या. काम झालेले नसल्याने ती ठेवण्याचे सबळ कारण तिला दाखवता येईल असे मला वाटत नाही. कौन्सिल काही नोंदी ठरावीक मुदतीपर्यंत ठेवू शकेल आणि त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही, पण तीन महिन्यांचे संपूर्ण बँक स्टेटमेंट ठेवण्याची गरज काय, हे जरूर विचारा. उत्पन्न तपासायला पगाराची नोंद पुरते. दर महिन्याला साताऱ्याला आईला किती पैसे पाठवले हे कुणी पाहण्याचे कारण नव्हते. समाधान झाले नाही तर माहिती आयुक्तांच्या कार्यालयाकडे तक्रार करा. महाराष्ट्रात माहिती आयुक्त म्हटले की माहिती अधिकाराचे अपील आठवते. येथे तेच कार्यालय माहिती मिळवण्याचा आणि माहिती जपण्याचा, असे दोन्ही कायदे पाहते. ते कंपनीला दंड करू शकते, तुम्हाला भरपाई मात्र देऊ शकत नाही.

भरपाई न्यायालयातून मिळते आणि तिच्यात मानसिक त्रासही धरला जातो. ऑगस्ट २०२५ मध्ये, ससेक्स पोलिसांच्या निवृत्तिवेतनाची पत्रके चुकीच्या पत्त्यांवर गेल्याच्या प्रकरणात, त्रास अमुक इतका गंभीर असलाच पाहिजे अशी किमान पातळी नाही, मात्र भीतीला वस्तुनिष्ठ आधार हवा, असे अपील न्यायालयाने म्हटले. तुमच्या प्रकरणात आजाराचा उल्लेख करणारा फोन हा तो आधार आहे. रक्कम मोठी असेल अशी आशा मी लावणार नाही, आणि कंपनी बुडालेली निघाली तर दाव्याचा खर्चही अंगावर येऊ शकतो, म्हणून हा निर्णय उत्तरे हाती आल्यावरच घ्या.

आणि या सगळ्यात घर अजून थंडच आहे, हे मला विसरता येत नाही. सासऱ्यांच्या छातीला आणखी एक हिवाळा तसाच काढायला लावू नका. इंग्लंडमध्ये २०२५ पासून ‘वॉर्म होम्स : लोकल ग्रँट’ ही योजना कौन्सिलांमार्फत चालते, ईपीसी ‘डी’ ते ‘जी’ श्रेणीतील खासगी घरे आणि साधारण ३६,००० पौंडांपर्यंत उत्पन्न असलेली कुटुंबे तिच्यात बसू शकतात. अर्ज सरकारी संकेतस्थळावरून स्वतः करा, दारावर येणाऱ्या कुणाच्याही टॅब्लेटवर नको. कागदपत्रे कौन्सिलने दिलेल्या ठिकाणीच चढवा आणि बँक स्टेटमेंट मागितले तर पगाराखेरीज इतर ओळी झाकून दिल्या तर चालतील का, हे आधी लेखी विचारून घ्या.